रेबेका सिस्टरचे दोन नंबर

६ जानेवारी २०२५, सोमवार

ऑगस्टपासून ही वही कोरी होती. आज उघडली, कारण आज जे झालं ते आईला सांगायला म्हणून फोन लावला आणि "बाकी सगळं ठीक" म्हणून ठेवून दिला.

सकाळी कल्याण सरांना श्रीरामपूरच्या दवाखान्यातून फोन आला. नगरच्या सावेडीतलं आमचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या. एकीत सर, एकीत मी. चार दवाखान्यांना आम्ही प्रोग्राम पुरवतो, त्यांतला श्रीरामपूरचा सगळ्यांत मोठा. केसपेपर, तपासण्या, स्टाफच्या ड्यूट्या, सगळं त्या प्रोग्रामवर चालतं. फोन झाल्यावर सर माझ्या खोलीत आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले,

"तिथं रेबेका म्हणून एक सिस्टर आहेत. ऑक्टोबरमध्ये त्यांच्या छातीतल्या गाठीचा तुकडा पुण्याला तपासायला गेला होता. चौदा नोव्हेंबरला रिपोर्ट आला. 'रिपोर्ट आला आहे, डॉक्टरांना भेटा' हा मेसेज आपल्या प्रोग्रामनं पाठवायचा असतो. त्या म्हणतात, आलाच नाही. परवा शनिवारी त्यांना कळलं."

"काय कळलं?"

"कॅन्सर आहे."

सात आठवडे मधे गेले. गाठ बघणारे सर्जन आठवड्यातून एकदाच तिथं जातात. त्यांनी दोनदा चौकशी केली, तर खिडकीवरच्या माणसानं स्क्रीन बघून सांगितलं की मेसेज पोहोचलाय, पेशंट येतीलच.

मी नोंदी काढल्या. १४ नोव्हेंबर, २१ नोव्हेंबर, ५ डिसेंबर. तिन्हीपुढे 'पोहोचला'. माझ्या जिवात जीव आला. सर म्हणाले, "मग हेच लेखी दे." मी चार ओळी लिहिल्या: 'संबंधित रुग्णास तीन वेळा संदेश पाठवण्यात आला असून तो पोहोचल्याची नोंद आहे.' सरांनी सही केली, पत्र गेलं.

एक मात्र मला समजत नाही. ही बाई त्याच इमारतीत काम करते. रिपोर्टची खिडकी तिच्या वॉर्डपासून वीस पावलांवर आहे. सात आठवड्यांत तिनं एकदाही जाऊन विचारलं का नाही? मी असते तर रोज विचारलं असतं.

७ जानेवारी, मंगळवार

रेबेका सिस्टरचा फोन थेट माझ्याकडे आला. मला वाटलं, भांडणार. त्यांनी आधी माझं नाव विचारलं. मग म्हणाल्या, "धनश्री, ते पत्र तुम्ही लिहिलंय का?"

"हो."

"खोटं असेल असं म्हणत नाही मी. फक्त कोणत्या नंबरवर पोहोचला तेवढं सांगता?"

मी बघितलं. शेवट एकसष्ट.

"तो नंबर मिस्टरांच्या नावावर होता. ते गेल्यावर बंद केला मी. दोन वर्षं झाली. नवा नंबर मी स्वतः ऑफिसात लिहून दिला होता, आणि माझ्यासमोर त्यांनी तो कॉम्प्युटरवर घातला. शेवट शून्य आठ."

मी फोन कानाला तसाच ठेवून त्यांचं नाव उघडलं. स्क्रीनवर शून्य आठ. स्टाफच्या यादीतून उघडलं, शून्य आठ. रुग्णांच्या यादीतून उघडलं, तरी शून्य आठ. मग एकसष्ट आला कुठून?

"बघून सांगते," म्हणाले. त्यांनी "थँक्यू" म्हटलं. कालच्या पत्रानंतर ही बाई मला थँक्यू म्हणते!

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "कंपनीकडून झालं असेल. मोबाईलवाल्यांचा घोळ." मलाही तसंच वाटावं अशी फार इच्छा आहे.

८ जानेवारी, बुधवार

एकसष्टवाल्या नंबरवर फोन केला. कोपरगावकडचा कुणीतरी माणूस. मागं ट्रॅक्टर चालू होता.

"व्हय, आल्ते की मेसेज. तीन येळा आल्ते."

"मग तुम्ही कळवलं नाही कुठं?"

"कुणाला कळवू ताई? रेबेका नाव वाचलं, म्हनलं आपल्यात तर कुनी न्हाई. कायतरी जाहिरात आसंल. हा नंबर मी गेल्या दिवाळीला घेतला." मग त्यानं विचारलं, "ती बाई बरी हाय ना?"

मी सांगितलं की माहीत नाही. तो म्हणाला, "माझ्याकडून काय चुकलं का?"

नाही म्हणाले. नंतर बराच वेळ हातात काम धरवेना. म्हणजे आमची नोंद खरी होती. मेसेज पोहोचला होता, पण या माणसाला.

९ जानेवारी, गुरुवार

दिवसभर प्रोग्राम वाचला. तो माझ्याआधीच्या समर्थनं सी प्लस प्लस या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलाय. समर्थ आता पुण्यात असतो. नावं इंग्रजीत आहेत, इथं मराठीत लिहिते, म्हणजे मलाच नीट कळेल.

'व्यक्ती' नावाचा एक क्लास आहे. क्लास म्हणजे छापील फॉर्मच्या नमुन्यासारखं: नाव, पत्ता, मोबाईल. 'रुग्ण' हा दुसरा क्लास. त्याला व्यक्तीतलं सगळं आपोआप मिळतं, वर केसपेपर आणि तपासण्या त्याच्या स्वतःच्या. हे जे आपोआप मिळणं, त्याला इनहेरिटन्स म्हणायचं. 'कर्मचारी' हा तिसरा. त्यालाही व्यक्तीतलं सगळं मिळतं, वर पद आणि ड्यूटी. इथपर्यंत स्वच्छ आहे. मेसेज पाठवणारा भाग रुग्णाकडून मोबाईल मागतो आणि पाठवतो. तोही स्वच्छ.

पण रेबेका सिस्टर रुग्णही आहेत आणि कर्मचारीही. त्यांचं काय केलंय ते अजून सापडलेलं नाही. समर्थनं कुठंतरी घाण करून ठेवली असणार. त्याची सवयच होती म्हणे, सर सांगतात.

स्टाफला तपासणीत सवलत द्यायचं काम हे माझं इथलं पहिलं काम. दवाखान्याला दुसऱ्या दिवशी हवं होतं आणि मी एका दिवसात दिलं. सर पेढे घेऊन आले होते. आज त्या स्क्रीनकडे बघून बरं वाटलं, निदान तेवढं तरी नीट चालतंय.

११ जानेवारी, शनिवार

समर्थला फोन केला. जरा चढ्या आवाजातच बोलले. तो शांतपणे म्हणाला, "रुग्ण माझा, कर्मचारी माझा. दोन्ही एकत्र असणारा क्लास मी लिहिलेला नाही. मी असताना स्टाफचे केसपेपर हातानं लिहायचे. तारीख बघ ना फाईलवर."

असं सगळेच म्हणतात, नोकरी सोडून गेले की.

१३ जानेवारी, सोमवार

तारीख बघितली. १९ ऑगस्ट २०२२. समर्थ जूनमध्ये गेला होता. खाली दोन अक्षरं: ध. शि. धनश्री शिरसाठ.

सवलतीचंच काम. 'कर्मचारी-रुग्ण' नावाचा क्लास मी केला आणि त्याला दोन्हींकडून वारसा दिला, कर्मचाऱ्याकडूनही आणि रुग्णाकडूनही. मल्टिपल इनहेरिटन्स. कॉलेजात यावर पाच मार्कांचा प्रश्न असायचा, हिरा काढायचा: वर व्यक्ती, मधे दोघं, खाली एक. मी तो हिरा छान काढायचे. पण कॉम्प्युटर हिरा काढत नाही. कर्मचारी आपली व्यक्ती घेऊन येतो, रुग्ण आपली वेगळी घेऊन येतो, आणि खालच्या एका माणसाच्या पोटात दोन व्यक्ती बसतात. दोन नावं, दोन पत्ते, दोन मोबाईल. सुरुवातीला सारखेच, म्हणून कुणाला काही दिसत नाही. रेबेका सिस्टरनी नंबर बदलला तो कर्मचाऱ्याकडच्या व्यक्तीत बदलला. रुग्णाकडची व्यक्ती एकसष्ट धरून बसली.

आणि आता आठवतंय. त्या दिवशी स्क्रीनवर मोबाईल दाखवायची ओळ लिहिली तेव्हा कंपायलर, म्हणजे लिहिलेलं तपासून मशीनच्या भाषेत करणारा, अडला होता. त्याचं म्हणणं होतं, मोबाईल संदिग्ध आहे, कोणाकडचा दाखवू? तो मला सरळ विचारत होता. मी घाईत लिहिलं, कर्मचाऱ्याकडचा. एरर गेली. मेसेजच्या भागाला हा प्रश्न पडलाच नाही, तो नेहमीप्रमाणे रुग्णाकडे गेला.

मला एवढंच कळत नाही की त्या दिवशी, दोन मोबाईल कसे काय, हा साधा प्रश्न मला का पडला नाही.

सरांना सांगितलं. ते खिडकीपाशी गेले, परत आले. "आत्ता कुणाजवळ बोलू नकोस. आधी दुरुस्त कर."

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. घरमालकीणबाईंनी तिळगूळ दिला. गोड बोलायलासुद्धा तोंड उघडलं नाही.

१५ जानेवारी, बुधवार

उपाय पुस्तकात आहे. वारसा घेताना 'व्हर्च्युअल' हा शब्द लावायचा, मग दोघांत मिळून एकच व्यक्ती राहते. शब्द लावला. चालवून बघितलं. नंबर एक झाला, पण नाव गायब! सगळ्या स्टाफ-रुग्णांची नावं कोरी, पत्ते कोरे. अडतीस माणसं, एकालाही नाव नाही.

दुपारी उलगडलं. एरवी कर्मचारी आपल्या व्यक्तीचं नाव स्वतः भरतो, रुग्ण आपल्या. आता व्यक्ती सामाईक झाल्यावर ती भरायची जबाबदारी दोघांचीही राहत नाही, ती सगळ्यांत खालच्या क्लासवर येते. खालचा क्लास माझा. त्यात मी काहीच लिहिलेलं नाही, म्हणून कोरं. दोघंही म्हणतात, माझं काम नाही.

हे सरांना समजावत होते तर ते मधेच म्हणाले, "त्या बाईंनी एकदा खिडकीवर जाऊन विचारलं असतं तर हे काहीच झालं नसतं. वीस पावलं." हे मी सहा तारखेला इथंच लिहिलंय. तेव्हा मला ते बरोबर वाटलं होतं. आज सरांच्या तोंडून ऐकून राग आला. का आला, सांगता येत नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

श्रीरामपूरला जाऊन आले. सर म्हणाले होते, नवीन प्रोग्राम चढव आणि परत ये, जास्त बोलू नको. एसटीवर पाटी अहिल्यानगर-श्रीरामपूरची, कंडक्टर मात्र "नगर-श्रीरामपूर"च ओरडत होता. राहुरीच्या पुढं उसाच्या गाड्यांमागं अर्धा तास अडकलो. बसमध्ये ठरवलं, सांगायचं नाही. राहुरी फॅक्टरीपाशी ठरवलं, सांगायचं. उतरेपर्यंत तीनदा बदललं.

रेबेका सिस्टर ड्यूटीवरच होत्या. मला वाटलं होतं, रजेवर असतील. पन्नाशीच्या, बारीक, कपाळावर चष्मा. सलाइनची बाटली बदलत होत्या. "दहा मिनिटं थांब हं," म्हणाल्या, फोनवरच्या 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं कळलं नाही. मग चहाच्या टपरीवर नेलं.

मी सांगितलं. सगळं, पेढ्यांसकट. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "जरा परत सांग. व्यक्ती दोन कशा?"

मी त्यांच्या भाषेत सांगायचा प्रयत्न केला. तुमचा केसपेपर आहे, त्याच्या पहिल्या पानावर नाव आणि नंबर. तुमचं सर्व्हिस बुक आहे, त्याच्याही पहिल्या पानावर नाव आणि नंबर. मी दोन्ही एका फाईलीत टाचले, पण पहिली पानं दोन्ही तशीच ठेवली. नवा नंबर सर्व्हिस बुकाच्या पानावर चढला. मेसेज पाठवणारा केसपेपरचं पान बघतो.

"आणि स्क्रीनवर?"

"स्क्रीनवर सर्व्हिस बुकाचं पान दाखव असं मी लिहिलं होतं."

चहावर साय धरली. मी म्हणाले, "सिस्टर, तुम्ही मला काहीतरी बोला."

"काय बोलू? मला वीस पावलं चालता आली नसती का?" त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. "रोज त्या खिडकीवरून जायचे. मेसेज नाही, म्हणजे रिपोर्ट नाही. रिपोर्ट नाही, म्हणजे काही नाही. माझी मुलगी एंजल, तिची पहिल्या वर्षाची परीक्षा होती पुण्यात. म्हटलं, ती होऊ दे. मग नाताळ आला. म्हटलं, नाताळ होऊ दे. मोबाईल वाजला नाही ते मला बरंच वाटत होतं, धनश्री. तीस वर्षं पेशंटना सांगतेय, वेळेवर दाखवा."

चूक माझी आहे हे सांगायला गेले होते, आणि ही बाई त्यातली निम्मी स्वतःकडे ओढून घेत होती. मला ते आवडलं नाही. का नाही आवडलं?

मग त्यांनी विचारलं, "आणखी किती जण?"

"काय?"

"माझ्यासारखे. स्टाफ पण आणि पेशंट पण. दोन पानांवर दोन नंबर असलेले किती?"

मी मोजलंच नव्हतं. दहा दिवस झाले आणि हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

१८ जानेवारी, शनिवार

परत गेले नाही. सिस्टरच्याच घरी राहिले. नवीन प्रोग्राम चढवायचा तसाच ठेवला आणि सकाळी दवाखान्यात जाऊन यादी काढली. अडतीसपैकी सिस्टर धरून नऊ जणांचे नंबर वेगवेगळे.

सिस्टरनी एकेकाला फोन लावला. मी शेजारी बसून नवे नंबर दोन्ही पानांवर घालत होते. त्यांची बोलायची पद्धत ऐकण्यासारखी आहे. आधी घरच्यांची चौकशी, मग रिपोर्ट. सहा जणांचे रिपोर्ट त्यांना आधीच हातोहात मिळाले होते. लॅबमधल्या एकीची शुगर वाढली होती, ती आजच येते म्हणाली. उरल्या लंकाबाई. तीस वर्षं दवाखान्यात साफसफाई करून गेल्या वर्षी रिटायर झालेल्या. ऑक्टोबरमध्ये पोटात दुर्बीण घालून तपासणी केली होती. त्यांचा केसपेपरवरचा नंबर कधीचाच बंद, दुसऱ्यावर फोन लागेना.

सिस्टरनी त्यांचा रिपोर्ट वाचला आणि हसल्या. "नुसता अल्सर आहे. महिनाभराच्या गोळ्या." मग लगेच चेहरा उतरला. "पण तिला हे माहीत नाही."

सरांचे चार फोन येऊन गेले. उचलले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा.

१९ जानेवारी, रविवार

नेवाशाच्या रस्त्याला लंकाबाईंची वाडी आहे. सिस्टर सकाळची उपासना करून आल्या आणि आम्ही निघालो. मी म्हणाले, तुम्ही दमाल, मी जाते. तर म्हणाल्या, "ती तुला ओळखत नाही. अनोळखी पोरगी रिपोर्ट घेऊन आली तर दारातच बसेल मटकन."

लंकाबाई ओट्यावर ज्वारी पाखडत होत्या. सिस्टरना बघितलं आणि सूप खाली ठेवलं.

"आलीस व्हय शेवटी सांगायला? मला ठाव हाय. नको सांगू."

"काय ठाऊक आहे तुम्हाला?"

"आगं, तीन म्हैनं झालं. मेसेज न्हाई, फोन न्हाई. म्हंजी काय समजायचं मानसानं? दवाखान्यातली लोकं वाईट सांगायला कचरत्यात. मी तीस वरीस तितं फरशी पुसली, मला कळत न्हाई व्हय? चांगला रिपोट आसता तर कवाच कळवला आसता."

सिस्टरनी त्यांचा हात धरून ओट्यावर बसवलं आणि सांगितलं: अल्सर, गोळ्या, तिखट बंद. लंकाबाईंनी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा पटलं तेव्हा एकदम चिडल्या.

"आन् मी शेळ्या वाटल्या की! थोरलीला एक, धाकटीला दोन. नातीला नथ दिली. भावाला बोलावून घेतला, बारा वरसांचं भांडान मिटवलं, त्याच्या गळ्यात पडून रडले. आता काय सांगू त्येला, अल्सर हाय म्हनून?"

सिस्टर हसायला लागल्या. मीही. लंकाबाईही हसल्या शेवटी. "शेळ्या कशा मागू गं आता?" असं म्हणत पदरानं तोंड झाकून हसत होत्या. आमचं थांबलं तरी सिस्टरचं हसणं थांबेना. चष्मा काढून डोळे पुसत राहिल्या, पुसतच राहिल्या. लंकाबाई त्यांच्याकडे बघायला लागल्या.

"तू लई वाळलीस गं रेबेका. तुजं बरं हाय ना?"

"हाय की," सिस्टर म्हणाल्या.

लंकाबाईंनी पुढं काही विचारलं नाही. आत जाऊन भाकरी टाकल्या. निघताना सिस्टरच्या पिशवीत शेंगा भरल्या आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बराच वेळ उभ्या राहिल्या. परतीच्या बसमध्ये मी विचारलं, त्यांना कळलं असेल का? सिस्टरनी पिशवीतल्या मूठभर शेंगा काढून माझ्या हातावर ठेवल्या.

एकीनं मेसेज आला नाही म्हणून काही नाही असं धरलं. दुसरीनं तोच मेसेज आला नाही म्हणून मरण धरलं. मी लिहिलेली ओळ एकच होती.

२१ जानेवारी, मंगळवार

नवीन पत्र लिहिलं. सहा तारखेचं पत्र चुकीचं होतं. संदेश दुसऱ्याच माणसाला गेला. नंबर बदलूनही प्रोग्राममध्ये जुना राहिला. रेबेका सिस्टरनी नंबर वेळेवर दिला होता. ही चूक माझी, १९ ऑगस्ट २०२२ रोजी केलेली. खाली माझं नाव.

सरांच्या टेबलावर ठेवलं. म्हणाले, "हे गेलं तर बाकीचे तीन दवाखानेही विचारतील."

"विचारू देत ना सर. तिथंही हाच प्रोग्राम आहे. तिथलेही दोन नंबरवाले शोधायचे आहेत."

सर पुष्कळ वेळ पत्र वाचत राहिले. एवढंसं पत्र, किती वाचायचं? मग पेन काढलं आणि 'ही चूक माझी' हे वाक्य खोडलं. त्यावर लिहिलं, 'ही चूक आमच्या कार्यालयाची असून जबाबदारी माझी आहे.' माझं नाव काट मारून काढलं, स्वतःचं घातलं, आणि "हे टाईप कर" म्हणाले.

मी म्हणाले, "सर, पण क्लास मी लिहिला होता."

"तुला नोकरीला लागून दुसरा महिना होता. कुणी तपासायचं होतं ते?"

माझा गोंधळच झाला. इतके दिवस ते गप्प राहा म्हणत होते, आता चूकसुद्धा स्वतःच्या नावावर. कामाचं श्रेय ऑफिसच्या नावानं जातं ते ठीक, पण हे तरी माझं माझ्याकडे राहू द्यायचं होतं. टाईप केलं, पण मनातून घुश्शातच.

संध्याकाळी सर स्वतः पत्र घेऊन श्रीरामपूरला गेले. मेलनं पाठवता आलं असतं की.

२७ जानेवारी, सोमवार

व्हर्च्युअल लावून चाललं असतं. खालच्या क्लासमधून व्यक्तीचं नाव भरल्यावर कोरी नावंही परत आली. पण मग लंकाबाई आठवल्या. त्या रिटायर झाल्या वर्षापूर्वी आणि प्रोग्राममध्ये अजून कर्मचारी-रुग्ण आहेत, कारण एकदा त्या क्लासात जन्म दिला की त्यातून निम्मं काढून घेता येत नाही. आणि उद्या डॉक्टर पेशंट झाले, पेशंट नोकरीला लागला, की प्रत्येकाला नवीन क्लास?

सगळं मोडलं. आता व्यक्ती एकच, तिला कुणाकडून काही वारसा नाही आणि तिच्याकडून कुणाला नाही. तिच्याजवळ केसपेपर असू शकतो, सर्व्हिस बुक असू शकतं, दोन्ही असू शकतात, एक काढून घेता येतं. मोबाईल फक्त तिच्याजवळ. ज्याला हवा त्यानं तिला विचारावा. लिहिताना हे इतकं सोपं वाटलं की लाज वाटली.

बाकीच्या तीन दवाखान्यांत मिळून सात जण निघाले. सर आणि मी फोन केले. सर फोनवर फार अडखळतात. मी त्यांना सिस्टरची पद्धत सांगितली: आधी घरच्यांची चौकशी.

१२ फेब्रुवारी, बुधवार

काल सिस्टरचं ऑपरेशन झालं, इथंच नगरला. एंजल आली आहे पुण्याहून. अठरा वर्षांची, आईसारखीच बारीक. तिला आईनं ऑपरेशनच्या चारच दिवस आधी सांगितलं म्हणून आईवर रागावलेली आहे आणि तिच्या उशाशी बसून तिचे केस विंचरते आहे.

बाहेर सर्जन भेटले. मी धीर करून विचारलं, नोव्हेंबरमध्येच झालं असतं तर?

ते म्हणाले, "असं सांगता येत नाही."

"अंदाजे तरी?"

"अंदाज करून तुम्ही काय करणार?"

मला खरंच माहीत नव्हतं काय करणार. 'नाही, काही फरक पडला नसता' असं ते म्हणाले असते तर मी सुटले असते. 'हो' म्हणाले असते तरी एक काहीतरी झालं असतं. हे मधलं घेऊन कुठं जायचं?

२२ फेब्रुवारी, शनिवार

सिस्टर सावेडीतच त्यांच्या मावसबहिणीकडे आहेत, माझ्या खोलीपासून जवळ. एंजल सामान आणायला बाहेर गेली होती. मी गेले तेव्हा त्या खाटेवर टेकून बसल्या होत्या आणि मांडीवर बंद पाकीट होतं.

"काढलेल्या गाठीचा रिपोर्ट आलाय. सकाळी आणून दिला."

"आणि उघडला नाहीत?"

"तू वाच. मोठ्यानं वाच."

मी म्हणाले, मला त्यातलं काही कळत नाही. त्या म्हणाल्या, म्हणूनच.

वाचला. इंग्रजीत होता, अर्धे शब्द अडखळत वाचले. गाठीचं माप. कडा मोकळ्या. काखेतल्या चौदा ग्रंथी तपासल्या, त्यांतल्या दोनमध्ये कॅन्सर सापडला. तिथं मी जरा उत्साहानंच थांबले. चौदापैकी दोन म्हणजे बारा चांगल्याच की! "सिस्टर, दोनच आहेत," म्हणाले.

त्यांनी डोळे मिटले होते. "हं. पुढं वाच."

पुढं वाचलं. संपल्यावर त्यांनी डोळे उघडले. मला वाटलं, त्यांना बरं वाटलं असेल, म्हणून मी कागदाची घडी घातली. मग त्यांनी हात पुढं केला, मी रिपोर्ट द्यायला गेले, तर त्यांना रिपोर्ट नको होता. माझा हात धरला आणि धरूनच बसल्या.

"एंजलला मी सांगेन. तू नको सांगू."

"काय सांगायचंय? दोनच तर आहेत."

"हो, दोनच आहेत," त्या म्हणाल्या, अगदी वॉर्डात पेशंटशी बोलतात तशा आवाजात. "आता किमो घ्यावी लागेल. सहा वेळा, दर तीन आठवड्यांनी. गुरुवार द्या म्हणून सांगते डॉक्टरांना. गुरुवारी एंजलचं कॉलेजात प्रॅक्टिकल असतं, तिला येता येणार नाही."

"मग तुमच्याबरोबर कोण येणार?"

त्या उत्तर द्यायच्या आत मीच म्हणाले, मी येते. त्या म्हणाल्या, "अगं, तुझी नोकरी आहे." म्हणाल्या खऱ्या, पण हात सोडला नाही.

मी अजून विचार करतेय की दोन ही संख्या वाचताना मी आनंदानं थांबले होते आणि त्यांनी डोळे का मिटले. एंजल आली, तिनं दूध तापवलं, आम्ही तिघींनी चहा घेतला. पाकीट सिस्टरनी उशीखाली सारलं होतं.

सोमवारी सरांना सांगायचं आहे की काही गुरुवार मी येणार नाही.